पाच लाख लोकांचा पगार अर्ध्या तासात? पीपलसॉफ्ट पेरोल बेंचमार्कचा रिव्ह्यू

पीपलसॉफ्ट हे ओरॅकल कंपनीचं एचआर आणि पगाराचं सॉफ्टवेअर, त्याच्या नॉर्थ अमेरिकन पेरोलचे बेंचमार्क, म्हणजे ठरलेलं काम चालवून मोजलेला वेळ, ओरॅकल छापतं, त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलंय असं मला कधी दिसलं नाही, आणि इकडे पुण्यात हिंजवडी-खराडीला याच सॉफ्टवेअरवर रात्रपाळ्या करणारी आपली मंडळी काही थोडीथोडकी नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी पेरोलच्या बॅच टीममध्ये आहे, क्लायंट अमेरिकेतला, नाव सांगत नाही, काम एवढंच की पगाराची बॅच (सगळ्यांचा पगार एकदम करणारं काम) लावायची आणि ती बँकेच्या वेळेआधी संपतेय का ते बघायचं. नवा सर्व्हर घ्यायचा किंवा क्लाउडवर जायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास ही पीडीएफ उघडतं आणि विचारतं, की तिकडे पाच लाख लोकांचा पगार अर्ध्या तासात होतो मग आपल्याला अख्खी रात्र का लागते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायलाच पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकते: बेंचमार्क प्रामाणिक आहे, आतले तक्ते वाचले तर भरपूर शिकायला मिळतं, पण पहिल्या पानावरचा आकडा बघून कुणी सर्व्हर घेत असेल तर त्याने थांबावं.

आधी ही चीज काय आहे ते. पीपलसॉफ्ट १९८७ ला कॅलिफोर्नियात सुरू झाली, २००५ च्या जानेवारीत ओरॅकलने ती घेतली, एचआर आणि पेरोल हा तिचा पहिल्यापासूनचा बालेकिल्ला. बेंचमार्कमध्ये एक ठरलेला डेटाबेस घेतात, त्यात ठरलेले कर्मचारी, एक मॉडेल २,४०,००० लोकांचं आणि त्याहून मोठं ५,००,४८० लोकांचं, आणि मग पगाराची पाच कामं चालवून वेळ मोजतात. पहिलं काम पेशीट बनवणं, म्हणजे या पे-पिरियडमध्ये कुणाला पगार द्यायचाय आणि त्याचे ठरलेले तास-रक्कम काय याचा कोरा कागद तयार करणं. दुसरं कॅल्क्युलेशन, सगळ्यात जड, ज्यात कमाई, टॅक्स, कपात, विमा सगळं येतं. तिसरं कन्फर्म, ज्यात ते आकडे पक्के होऊन माणसाचे महिन्याचे, तिमाहीचे, वर्षाचे बॅलन्स पुढे सरकतात. चौथं पगाराची स्लिप छापणं. पाचवं डायरेक्ट डिपॉझिटची फाइल बनवणं, जी बँकेकडे जाते. कामांची ही निवड मला मनापासून आवडते, कारण बरेच बेंचमार्क नुसतं कॅल्क्युलेशन मोजून मोकळे होतात आणि आमच्यासारख्यांना माहितीये की रात्र खरी अडकते ती कन्फर्म आणि प्रिंटमध्ये.

आता तो गाजलेला आकडा. ओरॅकलचा टी४ प्रोसेसर २०११ ला आला, त्यानंतर त्यांनी आपल्याच स्पार्क टी४-४ या सर्व्हरवर पेरोलची ९.१ आवृत्ती चालवली, खाली सोलारिस १० ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि ओरॅकल डेटाबेस ११जी, आणि ५,००,४८० कर्मचाऱ्यांचा पगार ३०.८४ मिनिटांत संपवला. त्याला त्यांनी तासाला १४,६०,५४४ पेमेंट असं रूप दिलं. हिशोब मांडून बघा, सेकंदाला साधारण ४०५ पेमेंट, म्हणजे सरासरी काढली तर एका पेमेंटला अडीच मिलिसेकंद. जुन्या काळाशी ताडून बघावं म्हणून सांगते, ब्रिटनमध्ये लायन्स नावाची चहा-केकवाली कंपनी होती, तिने लिओ नावाचा स्वतःचा कॉम्प्युटर बांधला आणि १९५३-५४ पासून त्यावर आपल्या लोकांचा पगार करायला लागली, तेव्हा मुरलेल्या कारकुनाला एका माणसाच्या पगाराला ८ मिनिटं लागायची आणि लिओला दीड सेकंद. म्हणजे पगार हे कॉम्प्युटरवर गेलेल्या अगदी पहिल्या ऑफिसकामांपैकी एक, आणि घड्याळ लावून मोजायची सवयसुद्धा तेव्हापासूनची. ८ मिनिटं, दीड सेकंद, अडीच मिलिसेकंद, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवले की मला तरी अजूनही भारी वाटतं.

पण त्याच आकड्यात पहिली गोम आहे. कर्मचारी ५,००,४८० आणि पेमेंट, तासाच्या दरावरून उलटं काढलं तर, ७,५०,७२०. म्हणजे माणशी दीड पेमेंट. दोन्ही खरंय, लपवलेलं काही नाही, पण तासाला साडेचौदा लाख हा आकडा पेमेंटचा आहे, माणसांचा नाही, माणसं मोजली तर तासाला पावणेदहा लाखाच्या आसपास येतात. आता ओरॅकलच्याच ई-बिझनेस सूट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पेरोल बेंचमार्क तासाला किती कर्मचारी असं मोजतो, आणि एसएपी या स्पर्धक कंपनीवाले तर सर्व्हरची ताकद सॅप्स या मापात सांगतात, ज्यात १०० सॅप्स म्हणजे तासाला २,००० ऑर्डर लाइन, म्हणजे त्यात पगाराचा संबंधच नाही, माल विकायचा हिशोब आहे तो. तीन ठिकाणची तीन मापं एका एक्सेलमध्ये एकाखाली एक ठेवून तुलना केलेली मी मीटिंगमध्ये बघितलीये, आणि त्यावर लाखो डॉलरचा निर्णय होणार असतो, तेव्हा प्लीज, आधी माप कशाचं आहे ते वाचा.

दुसरी गोष्ट तुलनेची. टी४-४ च्या त्या रिझल्टशेजारी आयबीएमच्या झेड१० मेनफ्रेमचे (मोठ्या कंपन्यांच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरचे) ८७.४ मिनिट ठेवलेत आणि २.८ पट फास्ट म्हटलंय. भागाकार बरोबर आहे. पण मेनफ्रेमचा रिझल्ट पेरोल ९.० चा, स्पार्कचा ९.१ चा, आणि झेड१० हे २००८ चं मशीन. एकाच वेळी सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, डेटाबेस बदलला, हार्डवेअर तीन-चार वर्षांनी नवं झालं, मग त्या २.८ मधलं किती प्रोसेसरचं आणि किती बाकीच्याचं हे कसं काढणार? एक गोष्ट मात्र त्यांनी नीट पाळलीये, दोन्ही रिझल्ट युनिकोडचे (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत) घेतलेत. हे महत्त्वाचं आहे कारण पीपलसॉफ्टचा कोबोल (जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड) युनिकोडसाठी बदलताना अक्षरांचे फील्ड तिप्पट बाइटचे होतात, त्यामुळे मेमरी आणि सीपीयू दोन्ही जास्त जातात, आणि नॉन-युनिकोडचा जुना रिझल्ट युनिकोडशेजारी ठेवला तर तो फुकटचा फास्ट दिसतो. तुमची सिस्टिम युनिकोड आहे का नाही हे आधी विचारा, अर्ध्या लोकांना ते माहीतच नसतं.

तिसरं, किंमत. टीपीसी-सी सारख्या डेटाबेसच्या बेंचमार्कला नियमच आहे की परफॉर्मन्सबरोबर पूर्ण सिस्टिमची किंमत छापा. इथे तसं काही नाही आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. टी४-४ मध्ये चार प्रोसेसर, प्रत्येकाला ८ कोर (आतली स्वतंत्र काम करणारी इंजिनं), म्हणजे ३२ कोर. ओरॅकलच्या तक्त्यात टी४ चा कोर फॅक्टर (एका कोरला किती लायसन्स) ०.५, म्हणजे डेटाबेसची १६ लायसन्स लागतात, एंटरप्राइज एडिशनचा लिस्ट रेट ४७,५०० डॉलर, गुणाकार ७,६०,००० डॉलर. पार्टिशनिंग (मोठ्या टेबलचे तुकडे करून ठेवणं) हवं असेल, आणि एवढ्या मोठ्या पेरोलला ते लागतंच, तर लायसन्समागे अजून ११,५०० म्हणजे वर १,८४,००० डॉलर. यात सर्व्हर नाही, फ्लॅश स्टोरेज (चिपवरची साठवण) नाही, पीपलसॉफ्टचं लायसन्स नाही, दरवर्षीचा सपोर्ट नाही. डिस्काउंट मिळतो हे मान्य, लिस्ट रेटने कुणी घेत नाही, तरी ३०.८४ मिनिटांच्या खाली ही रक्कम छापली असती तर बऱ्याच लोकांनी ४५ मिनिटं आनंदाने चालवून घेतली असती.

एवढं बोलून झालं, आता चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच पुष्कळ आहे. या बेंचमार्कमधून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्ट्रीम. नॉर्थ अमेरिकन पेरोलचं कॅल्क्युलेशन कोबोलमध्ये आहे, आणि एक कोबोल प्रोसेस म्हणजे एका वेळी एक काम, एक कोर. तुम्ही २५६ थ्रेडचं (एकदम २५६ कामं धरणारं) मशीन आणा, एकच प्रोसेस लावली तर एक कोर धावतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. म्हणून कर्मचारी नंबरच्या रेंजने माणसं वाटायची, ८ किंवा १६ स्ट्रीम एकदम सोडायच्या, प्रत्येक स्ट्रीमने आपल्या रेंजचा पगार करायचा. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पेरोलला नुसते खूप कोर नको असतात, एकेक कोर दमदार हवा असतो, आणि स्पार्कच्या आधीच्या टी१ ते टी३ प्रोसेसरमध्ये तेच कमी होतं, टी४ ला ओरॅकलने टी३ च्या पाचपट सिंगल थ्रेड परफॉर्मन्स (एका कामाचा वेग) असा दावा केला आणि पेरोलसारख्या कामात जीव आला तो त्यामुळे. दुसरी, स्ट्रीम दुप्पट केल्या म्हणून वेळ निम्मा होत नाही. सगळ्या स्ट्रीम त्याच टेबलांत लिहितात, त्याच इंडेक्सच्या (टेबलच्या सूचीच्या) त्याच ब्लॉकवर झुंबड उडते, आणि कन्फर्ममध्ये बॅलन्स टेबलांवर तर जास्तच. त्यावरचा उपाय म्हणजे मोठ्या टेबलांचं पार्टिशन त्याच रेंजवर करायचं ज्या रेंजवर स्ट्रीम कापल्यात, मग प्रत्येक स्ट्रीम आपापल्या वाफ्यात राहते. जुन्या पीडीएफमध्ये ८ स्ट्रीमचे आणि १६ स्ट्रीमचे मिनिट शेजारी-शेजारी दिलेत ना, ते तक्ते छापून भिंतीवर लावावे इतके उपयोगाचे आहेत, कारण कुठलं काम स्ट्रीम वाढवल्यावर पळतं आणि कुठलं जागच्या जागी राहतं ते लगेच कळतं.

स्टोरेजचंही तसंच. फिरत्या डिस्कवर एका रीडला पाचेक मिलिसेकंद जायचे, फ्लॅशवर एक मिलिसेकंदाच्या आतच काम होतं, आणि पेरोल एकेका माणसामागे शेकडो छोटे रीड करतं. स्पार्क आधी सन या कंपनीचं होतं, तिच्या शेवटच्या दिवसांत एफ५१०० फ्लॅश अ‍ॅरे लावून केलेले पेरोल रिझल्ट आले तेव्हापासून डिस्कचा ढीग लावायची पद्धत मागे पडली. आज हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लांबवत नाही.

आता बेंचमार्कच्या डेटाबेसमध्ये कधीच दिसत नाही पण आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी दिसतं ते सांगते. परवा अशीच एक रात्र होती, कॅल्क्युलेशन नेहमीपेक्षा खूप लांबलं. प्रोसेस मॉनिटर उघडला तर सगळ्या स्ट्रीम सक्सेस आणि एकच प्रोसेसिंगवर अडकलेली. सर्व्हरवर व्हीएमस्टॅट (मशीन किती कामात आहे ते दाखवणारी कमांड) लावला तर मशीन जवळजवळ रिकामं, आयडल ९० च्या वर, एक कोर मात्र पूर्ण भरलेला. कुणीही लांबून बघितलं तर म्हणेल सर्व्हर तर झोपलाय, मग अडचण काय. एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसचा वेळ कुठे गेला ते सांगणारा) काढला, एकच एसक्यूएल (डेटाबेसला दिलेला आदेश) वर आलेलं, त्या स्ट्रीमच्या तात्पुरत्या वर्क टेबलवर नेस्टेड लूप (एकेक ओळ घेऊन शोधायची पद्धत). कारण असं की त्या टेबलची स्टॅटिस्टिक्स (किती ओळी आहेत वगैरे नोंद) ती रिकामी असताना घेतली गेलेली, मग ऑप्टिमायझरला (डेटाबेसमधला, शोधायची वाट ठरवणारा भाग) वाटतं हिच्यात एकच ओळ आहे, प्रत्यक्षात हजारो ओळी, आणि तो एकेका ओळीसाठी मोठ्या टेबलला फेऱ्या मारत बसतो. तिथली स्टॅटिस्टिक्स काढून टाकून लॉक केली आणि डायनॅमिक सॅम्पलिंगवर (त्या वेळी नमुना बघून अंदाज घेणं) सोडलं, पुढच्या रनला ती स्ट्रीम बाकीच्यांबरोबर संपली. यात प्रोसेसर बदलून काही झालं नसतं. दुप्पट महागडं मशीन असतं तरी तो एक कोर तसाच अडकला असता, थोडा लवकर सुटला असता इतकंच. बेंचमार्क चालवणारे तज्ज्ञ असतात, डेटा ताजा लोड केलेला असतो, स्टॅटिस्टिक्स नीट असतात, प्लॅन आधीच बघून ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांचा आकडा म्हणजे ते मशीन जास्तीत जास्त काय करू शकेल तो. रोजच्या रात्रीचा तो नाही.

स्ट्रीमची वाटणी हा पण असाच प्रकार. बेंचमार्कमध्ये माणसं सारखी वाटलेली, प्रत्येक वाटा जवळपास सारख्या वजनाचा. खऱ्या कंपनीत जुन्या नंबरांचे निम्मे लोक सोडून गेलेले, नव्या नंबरांत सगळी गर्दी, त्यात एखाद्या प्लांटची युनियनची माणसं एकाच रेंजमध्ये आणि त्यांना रेट्रो पे (मागच्या तारखेपासूनचा फरक) लागलेला, कुणाच्या दोन-दोन नोकऱ्या, कुणाच्या पगारातून कोर्टाच्या आदेशाने कपात. नंबराच्या रेंजचे सारखे तुकडे केले की एक स्ट्रीम दहा मिनिटांत मोकळी आणि एक तासभर चालू, आणि पूर्ण कामाचा वेळ म्हणजे शेवटच्या स्ट्रीमचा वेळ. म्हणून मागच्या काही रनचे स्ट्रीमवार मिनिट बघून रेंज नव्याने कापायच्या, आणि हे दर तिमाहीला तरी करायचं. फुकटचा परफॉर्मन्स आहे हा, कुणी घेत नाही.

अमेरिकन पगार इतका जड का असतो ते आपल्या लोकांसाठी थोडक्यात. आपल्याकडे महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स म्हटलं की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, झालं. तिकडे फेडरल (केंद्राचा) टॅक्स, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठी) ६.२ टक्के ठराविक कमाईपर्यंतच, मेडिकेअर (म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठी) १.४५ टक्के, २,००,००० डॉलरच्या वर अजून ०.९, मग राज्याचा टॅक्स, पेन्सिल्व्हेनियात गावाचा, ओहायोत शाळेच्या डिस्ट्रिक्टचा, माणूस राहतो एका राज्यात आणि काम करतो दुसऱ्यात तर दोन राज्यांचा हिशोब. शिवाय पगार महिन्याला नाही, सहसा दर दोन आठवड्यांनी, वर्षाला २६. हे सगळं पैशापर्यंत बरोबर यायला लागतं, आणि कोबोलची दशांश गणितं त्यात आजही पक्की आहेत म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. तर बेंचमार्कमधल्या माणसाला किती कपाती आहेत, किती राज्यं आहेत हे तुमच्या माणसाशी जुळतं का ते बघा, नाहीतर ५ कपातींच्या माणसावरून २५ कपातींच्या माणसाचा अंदाज म्हणजे दुधाची तहान ताकावर.

आणि बेंचमार्कमध्ये कॅल्क्युलेशन एकदाच चालतं, सगळ्यांचं, सरळ. आमच्याकडे ते एका पे-सायकलमध्ये अनेकदा चालतं. दुकानांतून तासांचा डेटा येतो, पहिलं प्रिलिमिनरी कॅल्क्युलेशन होतं, एररची यादी निघते, पेरोल ऑफिसमधल्या बायका-पुरुष ती दुरुस्त करतात, परत कॅल्क्युलेशन. सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय आहेत, सगळ्यांचं पुन्हा करा किंवा फक्त गरज असेल त्यांचंच करा, आणि हा दुसरा पर्याय हे पीपलसॉफ्टचं मला आवडणारं सगळ्यात चांगलं फीचर आहे, कारण दुरुस्ती थोड्याच लोकांची असते आणि तेवढंच काम होतं. या दुसऱ्या पर्यायाचा वेळ बेंचमार्कमध्ये कुठेच नाही. पेरोल ऑफिसमधल्या माणसासाठी तर तोच वेळ खरा आहे, कारण ती व्यक्ती स्क्रीनसमोर बसून वाट बघत असते की माझी दुरुस्ती बसली का.

शेवटची डिपॉझिट फाइल म्हणजे ९४ अक्षरांची एकेक ओळ, अमेरिकेच्या एसीएच या बँकांमधल्या पेमेंट नेटवर्कचा फॉरमॅट, ती बनायला काही फार वेळ लागत नाही. पण ती बँकेकडे ठरलेल्या वेळेच्या आत पोचली नाही तर लोकांचा पगार एक दिवस पुढे जातो, आणि तिकडे एका पगारावर पुढच्या पगारापर्यंत कसंबसं जगणारी माणसं खूप आहेत, घरभाड्याचा चेक त्याच दिवशी वटणार असतो. मला या कामात जीव का वाटतो तर ह्याच्यासाठी. म्हणून आम्ही मोजतो ते तासांचा डेटा बंद झाल्यापासून बँकेची पोच येईपर्यंत. त्यातला सर्व्हरचा वेळ कधी निम्मासुद्धा नसतो.

वेग म्हणजे परफॉर्मन्स असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅनडाचं फिनिक्स जरूर वाचावं. २०१६ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या केंद्र सरकारने फिनिक्स सुरू केलं, आयबीएमने बांधलेलं, खाली हेच पीपलसॉफ्ट, जवळजवळ २,९०,००० सरकारी नोकर. पगाराचे नियम ८०,००० हून जास्त. काम न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी गावात एकत्र आणलं, पगार सांभाळणारे १,२०० अनुभवी लोक कमी करून ५५० वर आणले. ऑडिटर जनरलच्या २०१८ च्या अहवालात आहे की ९८४ फंक्शनपैकी १०० हून जास्त काढून टाकली किंवा नंतरवर ढकलली, आणि पायलट रनसुद्धा रद्द केला. मग कुणाला पगारच नाही, कुणाला अर्धा, कुणाला जास्त आणि नंतर वसुली, लोकांची घरं अडचणीत आली. ऑडिटर जनरलने त्याला समजण्यापलीकडचं अपयश म्हटलं. हे काही सर्व्हर मंद होता म्हणून झालेलं नाही. ज्या सॉफ्टवेअरने बेंचमार्कमध्ये पाच लाखांचा पगार अर्ध्या तासात केला त्याच घराण्यातलं हे सॉफ्टवेअर, तेव्हा मिनिटांच्या शेजारी बरोबर किती निघाले हा कॉलम नसेल तर ती मोजणी माझ्या लेखी अपुरी आहे.

आम्ही आता जी पद्धत बसवलीये ती अशी, की प्रोसेस रिक्वेस्टच्या टेबलमध्ये प्रत्येक कामाची सुरू-संपली वेळ असतेच, ती दर रनला बाजूला एका टेबलमध्ये जमा करतो, स्ट्रीमवार, आणि शेजारी त्या रनला किती पेमेंट झाली ते, म्हणजे सेकंदाला किती पेमेंट हा आकडा आपला आपल्याशीच तुलना करता येतो आणि माणसं वाढली म्हणून वेळ वाढला का सिस्टिम मंदावली ते वेगळं कळतं. नवा सर्व्हर किंवा नवी आवृत्ती आली की प्रोडक्शनची (खऱ्या चालू सिस्टिमची) कॉपी घेऊन, नावं-खाती झाकून, तोच पे-पिरियड दोन्हीकडे चालवतो आणि प्रत्येक चेकचा ग्रॉस, टॅक्स, नेट सेंटपर्यंत जुळवतो, एकही फरक असला तर वेळेकडे बघतच नाही. मधेच एक स्ट्रीम मुद्दाम मारतो आणि ती पुन्हा उठून पूर्ण व्हायला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवतो, कारण रात्री दोनला तेच कामाला येतं. आणि टेस्ट कुठल्या आठवड्याची घ्यायची हे फार महत्त्वाचं, शांत आठवड्याचा डेटा घेऊ नका, साप्ताहिक आणि पाक्षिक दोन्ही पगार एकदम पडतात तो दिवस घ्या, किंवा जानेवारीचा पहिला, ज्यात टॅक्सचे नवे तक्ते असतात, सोशल सिक्युरिटीची मर्यादा शून्यापासून सुरू झालेली असते आणि बाजूला ३१ जानेवारीच्या आत द्यायच्या डब्ल्यू-२ चं (वर्षाच्या पगार-टॅक्सच्या दाखल्याचं) काम त्याच डेटाबेसवर चालू असतं.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. कामांची निवड, कामवार मिनिट, स्ट्रीमचे तक्ते यासाठी पूर्ण मार्क. किंमत न छापणं, वेगवेगळ्या आवृत्त्यांची तुलना आणि निकाल बरोबर आले का याबद्दल अवाक्षर नसणं यासाठी दीड कापला. नवीन आलेल्या मुलामुलींना मी ही पीडीएफ पहिल्याच आठवड्यात वाचायला देते, कारण पगाराची बॅच आतून कशी चालते हे इतक्या थोड्या पानांत दुसरीकडे कुठे मिळत नाही.

क्लाउडवर जाणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. तिथे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणतात ते बहुतेक ठिकाणी अर्धा कोर असतो, आणि अ‍ॅमेझॉन-मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएस-अ‍ॅझ्युरवर ओरॅकल डेटाबेसला दोन व्हीसीपीयूला एक लायसन्स धरतात, ०.५ चा कोर फॅक्टर तिथे लागू होत नाही. म्हणजे जुन्या इंटेल मशीनवर १६ कोरला ८ लायसन्स पुरत होती, तिकडे ३२ व्हीसीपीयू घेतले की १६ लागतात. त्यामुळे तिकडची मोठ्यात मोठी मशीन घेऊन बघण्याआधी एक लहान मशीन चार दिवस भाड्याने घ्या, आपल्याच दहा हजार माणसांची एकच स्ट्रीम लावा आणि सेकंदाला किती पेमेंट होतात ते जुन्या सर्व्हरच्या एका स्ट्रीमशी ताडून बघा. एका स्ट्रीममध्ये जर ते मागे पडलं तर सोळा स्ट्रीम लावून ते पुढे जाणार नाही, आणि ही टेस्ट करायला एक दुपार पुरते.